हाचिओजीतील शरदाचा आठवडा आणि दांडीवर टांगलेल्या काकी

सांजवारा | रविवार, २६ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

हा धागा लांबला आहे आणि प्रश्न अगदी शेवटी आहे, तेव्हा ज्यांना घाई असेल त्यांनी थेट तळाशी जावे.

आम्ही चार वर्षांपासून हाचिओजीला राहतो. नकाशात हे शहर तोक्यो महानगरातच मोडते. पण शिंजुकूहून रेल्वेने सुमारे चाळीस मिनिटे दूर आणि डोंगराच्या पायथ्याशी असल्यामुळे घरात आम्हीदेखील "आज तोक्योला जायचे आहे" असेच म्हणतो. आमच्या गल्लीत नऊ घरे आहेत. डाव्या हाताच्या घरात ऐंशी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहतात. या धाग्यात मी त्यांना आजी म्हणेन. प्रत्यक्षात आडनावापुढे "सान" लावून हाक मारते, कारण नात्यात नसलेल्या बाईला तोंडावर आजी म्हटलेले येथे प्रत्येकीला रुचतेच असे नाही.

सोमवारी सकाळी कचऱ्याची पिशवी ठेवायला दार उघडले, तर पायरीवर बांबूची चपटी टोपली होती आणि तिच्यात अकरा काकी. काकी म्हणजे पर्सिमन, आपल्याकडे हिमाचलातून जे "जापानी फल" म्हणून येते ते. संध्याकाळी पुण्याला फोनवर आईला मी "उद्या दहा काकी सोलून टांगायच्या आहेत" असे सांगितले, तेव्हा पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही.

सोलण्याची वेळ का आली, ते सांगायला हवे. फळ दिसायला फार देखणे होते, गडद केशरी, टोकाला किंचित निमुळते. मी एक धुऊन सरळ चावा घेतला. कोकणात ज्यांनी अर्धकच्चे काजूचे बोंड खाल्ले असेल, त्यांनी तो तुरटपणा तिप्पट करून पाहावा. जीभ आणि टाळू एकमेकांना ओळखेनाशी झाली आणि वर प्यायलेले पाणीही तोंडाला पाणी म्हणून लागेना. आजींनी आपल्याला असे का दिले असावे, असा एक हलका विचारही मनात येऊन गेला आणि त्याची मला नंतर लाज वाटली.

कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकारी बाईंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: "देठाला आडवी काडी ठेवली होती का?" घरी येऊन पाहिले, तर खरोखरच प्रत्येक फळाच्या देठाशी फांदीचा बोटभर आडवा तुकडा जपून ठेवलेला होता. तुरट जातीची काकी कच्ची खाण्यासाठी नसतेच. ती सोलून, दोरीला बांधून, वाऱ्यावर वाळवायची आणि दोरी अडकावी म्हणून ती काडी असते. म्हणजे आजींनी सूचना लिहूनच पाठवली होती, मला वाचता आली नाही इतकेच. या फळातील टॅनिन पाण्यात विरघळते, म्हणून ते लाळेत मिसळून जिभेला झोंबते. वाळताना त्याचे रूप बदलते आणि ते विरघळेनासे होते. टॅनिन फळातच राहते, पण जिभेला त्याचा पत्ता लागत नाही आणि मुळातली भरपूर साखर तेवढी जाणवते.

मग मंगळवारी संध्याकाळी दहा काकी सोलल्या. साल पातळ आणि निसरडी असते. देठाभोवतीची पाने कातरून टाकायची, पण काडीला धक्का लागू द्यायचा नाही. दोन-दोन फळे एका सुतळीच्या दोन टोकांना बांधून उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवली, म्हणजे बुरशी धरत नाही, आणि कपडे वाळत घालण्याच्या दांडीवर एकमेकींना न चिकटतील अशी उंच-सखल टांगली. पाचवी जोडी बांधत असताना नगरपालिकेच्या भोंग्यावरून संध्याकाळचे गाणे सुरू झाले. भूकंप किंवा पूर आला तर सूचना देण्यासाठी बसवलेले हे भोंगे चालू आहेत की नाहीत, हे रोज एक सूर वाजवून तपासतात आणि मुलांना तीच घरी परतण्याची खूण असते. आमच्याकडे वाजते ते "युयाके कोयाके", १९२३ साली प्रसिद्ध झालेले बालगीत. त्याचे कवी नाकामुरा उको हे याच हाचिओजीच्या डोंगराळ भागातील एका खेड्यात जन्मले, म्हणून रेल्वे स्थानकावर गाडी सुटतानाही त्याचेच सूर ऐकू येतात. नोव्हेंबरअखेरीस येथे साडेचारलाच सूर्य मावळतो. मुंबईत सहापर्यंत उजेड पाहिलेल्या माणसाला हे चार वर्षांनीही अंगवळणी पडत नाही. मला तर दुपारच्या चहाला बसले की रात्रीच्या स्वयंपाकाला उशीर झाल्यासारखे वाटू लागते.

बुधवारी सांगण्यासारखे काही झाले नाही. काकींचा रंग थोडा गडद झाला, एवढेच.

गुरुवारी, २३ नोव्हेंबरला, सुट्टी होती. १९४८ च्या कायद्याने या दिवसाला श्रमांविषयी कृतज्ञतेचा दिवस असे नाव दिले, पण मुळात ही तारीख नव्या तांदळाच्या सणाची आहे: सम्राट या रात्री नवे धान्य देवतांना अर्पण करून मग स्वतः ग्रहण करतात. आमच्या कोकणातल्या घरी नवान्नाला दाराला भाताच्या लोंब्यांचे "नवे" बांधत, त्याची आठवण झाली. दुकानात "नवा तांदूळ" अशी चिठ्ठी लावलेल्या पिशव्या होत्या. दोन किलो आणला आणि मऊ भात, वर तूप-मीठ, एवढेच जेवलो. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, हे येथील विक्रेत्यानेही मला आवर्जून सांगितले.

आता मुख्य प्रकरण. टोपली परत करायची होती आणि रिकामी टोपली परत करायची नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेले आहे. दिवाळीच्या भाजणीच्या चकल्या शिल्लक होत्या, त्यातल्या बारा मी स्टीलच्या डब्यात घालून डबा टोपलीत ठेवला. येथेच थांबले असते तर बरे झाले असते. पण चकल्या फारच घरगुती वाटतील, अशी शंका आली आणि मी शुक्रवारी डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातून तीन हजार येनांची, सुंदर कागदात गुंडाळलेली मिठाईची पेटी आणून तीही सोबत दिली. आजींनी चकली हातात धरून निरखून पाहिली, ती सेनबेईसारखी, म्हणजे येथल्या तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटासारखी, दिसते म्हणाल्या आणि आनंदल्या. पेटी घेताना मात्र त्यांचा चेहरा किंचित अवघडला. शनिवारी ताकाओ डोंगरावर पानांचे रंग पाहायला जाण्याचा आमचा बेत होता. डोंगर ५९९ मीटर उंचीचा आहे आणि या दिवसांत केबल कारची रांग त्याहून उंच वाटते. आम्ही बूट घालत होतो, तोच आजी दारात उभ्या! हातात आओमोरीहून आलेली दहा फुजी सफरचंदे, एकेक जाळीच्या टोपीत बसवलेले. ताकाओचा बेत राहिला आणि मी तेव्हापासून विचार करते आहे, की आता सफरचंदांची परतफेड कशी करायची आणि ही साखळी थांबवायची कुठे. जपानमध्ये राहिलेल्यांनी, किंवा शेजारधर्म ज्यांनी अधिक शहाणपणाने सांभाळला आहे अशा कोणीही, मार्गदर्शन करावे.

पंचांगवाला | २६ नोव्हेंबर, रात्री १०.१५

लेखन आवडले, तरी एक दुरुस्ती सुचवतो. जपानी जुन्या कालगणनेनुसार "रित्तो", म्हणजे हिवाळ्याचा आरंभ, ७ नोव्हेंबरच्या सुमारास होतो. तेव्हा आपला हा आठवडा शरदाचा नसून हिवाळ्याचा आहे. शीर्षक बदलावे.

सांजवारा | २६ नोव्हेंबर, रात्री १०.३२

पंचांगवाले, आपले गणित बरोबर आहे, पण आमच्या गल्लीतील मेपलने ते वाचलेले नाही; तो या आठवड्यात कुठे लाल होऊ लागला आहे. हिरवे द्रव्य विरले की पिवळे आपोआप उघडे पडते, लाल मात्र झाडाला नव्याने तयार करावे लागते आणि त्यासाठी दिवसा ऊन आणि रात्री चांगली थंडी लागते. पारा ८ अंशांच्या आसपास उतरला की पाने रंग धरू लागतात, असे येथे मानतात. ती थंडीच आता उशिरा येते. येथील हवामान संस्थेच्या नोंदींनुसार १९५३ पासून मेपल लाल होण्याची तारीख दर दहा वर्षांत सरासरी सुमारे ३ दिवसांनी पुढे सरकत आली आहे. हीच संस्था पूर्वी ३४ वनस्पती आणि २३ प्राणी-पक्षी अशा ५७ जातींच्या ऋतुनोंदी ठेवत असे. २०२१ पासून केवळ ६ वनस्पती उरल्या. त्यांत गिंको, मेपल आणि सुसुकी नावाचे तुऱ्यांचे गवत ही तीन शरदाची आहेत. शीर्षक राहू द्यावे, ही विनंती.

रानवाट_भंडारा | २७ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

ताई, तुमची काकी वाचून मला आमचे टेंभर आठवले. आमच्या भागात उन्हाळ्यात ज्याची पाने विडीसाठी तोडतात, ते तेंदूचे झाड आणि तुमची काकी ही एकाच वंशातली, डायोस्पायरॉस. तेंदूच्या फळाला आम्ही टेंभर म्हणतो, काही ठिकाणी टेंभुर्णी म्हणतात. कच्चे टेंभर खाल्लेल्या माणसाला तुमची सोमवारची अवस्था शब्दांत सांगावी लागत नाही. लहानपणी आम्ही नव्या आलेल्या पाहुण्यांच्या मुलांना मुद्दाम कच्चे खायला देत असू आणि मग आईचा मार खात असू. पिकलेले मात्र मऊ आणि गोड असते, आत चपट्या बिया असतात. आम्ही ते कधी वाळवल्याचे आठवत नाही, झाडाखालीच संपायचे. देठाभोवतीची चार पानांची टोपी तुमच्याही फळाला आहे का, ते पाहून सांगावे. आमच्या टेंभराला असते, आणि फळ खाऊन झाल्यावर ती आम्ही भिंगरीसारखी फिरवत असू.

कामोगावाकाठी | २७ नोव्हेंबर, दुपारी १.२०

सांजवारा, मी क्योतोमध्ये अकरा वर्षे आहे आणि तुमची चूक मी पहिल्याच वर्षी केली होती, तीही फुकट, झाडूने.

आमच्या गल्लीत सकाळी प्रत्येक जण आपल्या दारासमोरचा रस्ता झाडतो. याला "कादोहाकी" म्हणतात. शरदात पाने इतकी पडतात, की झाडून पाठ फिरवावी तोवर जमीन पुन्हा भरते, आणि ओल्या दगडाला चिकटलेले मेपलचे पान नखाने सोडवल्याखेरीज सुटत नाही. शेजारच्या घरी एक वयस्क जोडपे होते. मी आपल्या संस्कारांना जागून त्यांच्या दारासमोरचाही सगळा रस्ता झाडून दिला. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत काकांनी माझ्या दारासमोरचा रस्ता झाडून, वर पाणीही शिंपडले होते. तिसऱ्या दिवशी मी आणखी लवकर उठलो. हा प्रकार पहाटे साडेपाचपर्यंत आला, तेव्हा गल्लीतील तांदळाच्या दुकानदाराने मला बाजूला घेऊन नियम समजावून सांगितला: शेजाऱ्याच्या हद्दीत साधारण हातभर, फूटभर आत झाडायचे. अजिबात न झाडणे हे कोरडेपणाचे लक्षण, आणि सगळे झाडणे म्हणजे समोरच्याच्या डोक्यावर ऋण ठेवणे. फूटभर झाडले की तुमची आठवण आहे एवढे कळते आणि कोणाला पहाटे उठावे लागत नाही.

आता तुमच्या टोपलीविषयी. झाडावरची काकी वाटणे याला येथे "ओसुसोवाके" म्हणतात, म्हणजे आपल्याकडे जास्त झालेल्यातले थोडे पुढे देणे. लग्न किंवा आजारपण अशा प्रसंगी आलेल्या भेटीची परतफेड साधारण निम्म्या किमतीची करतात, पण ओसुसोवाकेला तो हिशेब लागूच नाही. भांडे परत करताना आत काहीतरी घालण्याची रीत मात्र येथेही आहे, तिला "ओउत्सुरी" म्हणतात. पूर्वी त्यासाठी लिहिण्याचा कागद किंवा काडेपेटी पुरत असे. तुमच्या बारा चकल्या हा उत्तम ओउत्सुरी होता. मिठाईच्या पेटीला किंमत होती आणि ती किंमत आजींना दिसली. सफरचंदे त्या पेटीचे उत्तर आहेत. आता काही करू नका. निदान दोन आठवडे काहीही करू नका.

तटस्थ | २७ नोव्हेंबर, रात्री ११.४८

सर्वांची क्षमा मागून थोडा विरोधी सूर लावतो. मी कावासाकीत एका इमारतीच्या बाराव्या मजल्यावर सहा वर्षे एकटा राहतो आणि मला अजून कोणी एकही काकी दिलेली नाही. राहायला आलो तेव्हा येथील प्रथेप्रमाणे दोन्ही बाजूंच्या घरी टॉवेलची पाकिटे घेऊन गेलो. एका घराने दारावरील फोनमधूनच आभार मानून पाकीट बाहेर ठेवायला सांगितले; दुसऱ्या घराने उत्तरच दिले नाही. माझ्या शरदाची खूण म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्याशेजारी उकळत ठेवलेला ओदेन, म्हणजे गरम रसात मुरवलेले पदार्थ. मुळ्याचा एक तुकडा, एक उकडलेले अंडे, आणि मोहरी हवी का असे विचारणारा विक्रेता. पुष्कळ दिवशी माझे दिवसभरातील कामाबाहेरचे संभाषण तेवढेच असते.

शिवाय, फूटभर झाडणे आणि निम्म्या किमतीची परतफेड यांत मला शेजारधर्म दिसत नाही, हिशेब दिसतो. आपल्याकडे शेजारी दार न वाजवता घरात येत आणि भाजीची वाटी ठेवून जात. त्यात मोजमाप नव्हते.

माजघर | २८ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

तटस्थ, तुझे वय मला ठाऊक नाही, पण लिहिण्यावरून तू माझ्या मुलासारखा असावास, म्हणून अरे-तुरे करते. मोजमाप नव्हते, असे तुला कोणी सांगितले? मी लग्न होऊन वाड्यात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवाळीत मला शेजारून आलेल्या फराळाच्या ताटांपुढे बसवले आणि कोणाच्या ताटात किती चकल्या, किती करंज्या आहेत, ते पाहून ठेवायला सांगितले. आमचे ताट जायचे ते त्या बेताने. ज्यांच्याकडून पाच करंज्या आल्या, त्यांना आठ पाठवल्या तर "आमच्याकडे तूप कमी पडले असे वाटले का?" असा टोमणा नळावर ऐकावा लागे. लग्नातली आहेराची वही तर प्रत्येक घरात असते. कोणी किती रुपये घातले, पातळ दिले की भांडे, हे लिहून ठेवायचे ते कशासाठी? त्यांच्या घरी कार्य निघाले की वही उघडायची, म्हणून. वाटीभर साखर उसनी आणली तर परत करताना ती शिगोशीग भरायची, पण ताट भरून न्यायची नाही. तुम्ही मुले वाट्या खात होता. मोजत आम्ही होतो. म्हणून तुम्हाला मोजमाप दिसले नाही.

आणि एक सांगते, रागावू नकोस. ओदेनवाल्याला एकदा तूच विचार, मुळा किती वेळ उकळतो म्हणून.

सांजवारा, चकल्या बाराच का दिल्यास? अकरा काकींना अकरा पुरल्या असत्या.

साप्पोरोचा_मुक्काम | २८ नोव्हेंबर, सायंकाळी ६.००

आमच्याकडे पाने केव्हाच गळून गेली आणि बर्फ पडू लागला. त्याआधी काही दिवस "युकिमुशी" म्हणून कापसाच्या कणासारखे पांढरे, सूक्ष्म किडे हवेत तरंगतात आणि ते दिसले की पहिला बर्फ जवळ आला असे लोक समजतात. सायकलवरून जाताना तोंड मिटून ठेवावे लागते. येथे शेजारधर्म पुढल्या महिन्यापासून फावड्याने चालेल: आपला बर्फ दुसऱ्याच्या दारात न टाकणे, हीच मोठी भेट.

सांजवारा | २८ नोव्हेंबर, रात्री ९.२५

सर्वांचे मनापासून आभार.

रानवाट_भंडारा, होय, चार पानांची टोपी आहे! मी सोलताना ती कातरून कचऱ्यात टाकली, याचे आता वाईट वाटते. चावा घेतलेल्या अकराव्या काकीची तेवढी जपून ठेवली आहे. आजींच्या झाडाच्या शेंड्याला एक फळ मुद्दाम शिल्लक ठेवलेले आहे, तेही येथे सांगते. त्याला "किमामोरी" म्हणतात, झाडाचा राखणदार. पुढच्या वर्षी झाडाने पुन्हा फळ धरावे म्हणून आणि पाखरांचा वाटा म्हणून एक फळ तोडत नाहीत. तुमच्याकडे टेंभराच्या झाडावर असे काही ठेवत असत का?

माजघरकाकू, बारा दिल्या कारण डब्यात दोन थरांत सहा-सहा बसल्या. यापुढे मोजून देईन.

तटस्थ, तुमच्या प्रतिसादाला माझ्याजवळ उत्तर नाही. आम्हालादेखील पहिली दोन वर्षे आजींकडून केवळ मान लवून नमस्कार मिळत होता. तिसऱ्या वर्षी वादळात त्यांची एक कुंडी उडून आमच्या दारात आली, ती मी परत नेऊन दिली, तेव्हापासून बोलणे सुरू झाले. बाराव्या मजल्यावर कुंड्या उडून येत नाहीत, हे मला कळते. तुम्ही हाचिओजीच्या बाजूला कधी आलात तर जेवायला या. नवा तांदूळ अजून आहे.

तटस्थ | २८ नोव्हेंबर, रात्री ११.०२

चाळीस मिनिटे, असे विचारले असता समजले. रात्रभर मंद आचेवर ठेवावा लागतो, असे मला वाटत होते. पण दुकानात मुळा शिजवूनच येतो, तेथे फक्त रसात मुरवतात. विक्रेता नेपाळचा निघाला, पोखऱ्याचा. आम्ही हिंदीत बोललो.

सांजवारा, निमंत्रणाबद्दल आभारी आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी चालेल का? मी हातात काय घेऊन यावे, ते मात्र या धाग्यावर विचारणार नाही.

कामोगावाकाठी | २९ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

तटस्थ, काकी सोडून काहीही.

सांजवारा | रविवार, १७ डिसेंबर, दुपारी ४.१०

धागा वर आणते आहे, कारण काकींचे पुढे काय झाले, असे दोघांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारले.

दहांपैकी दोन बुरशीने गेल्या. नोव्हेंबरच्या शेवटी दोन दिवस हवा ऊबदार आणि दमट झाली, तेव्हा त्या आत घ्यायला हव्या होत्या. एक कावळ्याने नेली, सुतळीसकट. उरलेल्या सात. आठवड्याने बाहेरचा भाग चामड्यासारखा झाला, मग रोज संध्याकाळी भोंगा वाजला की एकेक काकी दोन बोटांत धरून हलकेच चोळायची, म्हणजे आतला गर सारखा मऊ होतो. फार जोर दिला की फुटते. आता त्या सुरकुतून खारकेएवढ्या नाही, पण तिच्या दुप्पट आकाराच्या झाल्या आहेत, रंग गुळाच्या ढेपेसारखा, आणि अंगावर पिठीसाखरेसारखा पांढरा थर आला आहे. ती बुरशी नाही, फळाचीच साखर आहे. पण ते सहकारी बाईंना छायाचित्र दाखवून खात्री करून घेईपर्यंत मी एकही तोंडात घातली नाही. चव खजूर आणि सुक्या अंजिराच्या मधली, मात्र त्या दोन्हींहून मऊ. तुरटपणाचा लवलेशही नाही.

दुसऱ्या शनिवारी तटस्थ जेवून गेले. त्यांना एक दिली. त्यांनी आणलेल्या वस्तूचा उल्लेख करायचा नाही, असे ठरले आहे.

सफरचंदांच्या बदल्यात मी काहीही नेऊन दिले नाही. दोन आठवडे थांबले आणि मग एका सकाळी आमच्या दारासमोरची गिंकोची पाने झाडताना आजींच्या हद्दीत फूटभर आत गेले. घराच्या सावलीत अंदाज चुकून ते दीड फूट झाले असावे. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना पाहिले, तर आमच्या हद्दीत बरोबर दीड फूट जमीन स्वच्छ होती. त्यानंतर दोन काकी साध्या कागदात गुंडाळून नेऊन दिल्या, भांड्याशिवाय. आजींनी एक तेथेच उभ्या उभ्या मधोमध फाडून आतला रंग पाहिला आणि म्हणाल्या, की पुढच्या वर्षी पाऊस दिसला तर आधी माझ्याकडे आणून टांग, माझी पडवी कोरडी असते.

किमामोरीची काकी परवा एका हियोदोरीने, म्हणजे येथल्या करड्या बुलबुलाने, टोचून संपवली. देठाची टोपी अजून फांदीला आहे.

आणि काल माझा स्टीलचा डबा परत आला. घासून, पुसून, झाकण घट्ट लावून. हलवून पाहिला तर आत काहीतरी खुळखुळले. काडेपेटी होती, जुनी, वर एका कॉफीच्या दुकानाचे चित्र. ते दुकान स्थानकाजवळ होते आणि बंद होऊन वीस वर्षे झाली, असे आजी म्हणाल्या. आमच्याकडे विजेची शेगडी आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात तिचा उपयोग नाही. ती देवाजवळ ठेवली आहे. काड्या सादळल्या असतील असे वाटले होते, पण काल निरांजनासाठी पहिलीच काडी पेटली.